ओल्या दाराला कडी

माझा धाकटा भाऊ रागावला की शिडीवर चढतो. लहानपणी झाडावर चढायचा, आता शिडीवर चढतो, एवढीच काय ती प्रगती. घरं रंगवायचा धंदा त्याचा, त्यामुळे शिडी कायम हाताशी. हा कामासाठी चढलाय की रागानं, ते गिऱ्हाइकाला कधी कळत नाही. मला कळतं. रागानं चढला की हा वरूनच बोलतो आणि खाली बघत नाही. सगळे त्याला रंगारीच म्हणतात. खरं नाव विचारलंत तर शेजारीसुद्धा डोकं खाजवतील.

मी त्याची थोरली बहीण. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसते, सत्तावीस वर्षं झाली. माणूस खिडकीशी आला की कुठं दुखतंय ते तोंडावरून ओळखते. पण सख्ख्या भावाला काय दुखतंय ते कळायला मला बारा आठवडे लागले. म्हणून हे सांगायला बसले. मध्ये मध्ये मी चिडेन, मनावर घेऊ नका. खिडकीतली सवय आहे.

आधी त्याचं चांगलं सांगते, नाहीतर म्हणाल बहीण आहे की वैरीण. बल्बच्या उजेडात रंग निवडायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो परत पाठवतो. "सकाळी या," म्हणतो, "रात्री सगळेच रंग खोटं बोलतात." मग भिंतीवर वीतभर पट्टा मारून देतो आणि सांगतो, दोन दिवस याच्यासमोर जेवा, नाही आवडला तर बदलू. आणि छत न् भिंत जिथं मिळते ना, तिथली रेघ हा पट्टी न लावता, कागद न चिकटवता, नुसत्या हातानं ओढतो. मी बघितलीय. सुतानं आखल्यासारखी. अशी रेघ दुसऱ्या एकाच माणसाला येते, ती त्याच्या मुलीला.

ही मुलगी म्हणजे आमची ठिपकी. रांगायला लागली तेव्हापासून अंगावर रंगाचे ठिपके, म्हणून ठिपकी. चौदाव्या वर्षी ती बापाच्या शेजारी उभी राहून खिडक्यांच्या चौकटी मारायची, आणि हा खाली उभा राहून गिऱ्हाइकाला दाखवायचा, "बघा, बघा, काचेला लागलाय का कुठं?" दुकानावर 'रंगारी आणि कन्या' अशी पाटी लावायची म्हणून त्यानं पाटीचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता. दुकान अजून नव्हतं, पण पाटीचा रंग ठरलेला.

आणि कन्या एक दिवस म्हणाली, "बाबा, मी सैन्यात भरती होतेय."

रंगारी उठला. पाणी प्यायला आणि शिडीवर चढला. घरात रंगवायला काही नव्हतं, तरी चढला. आमच्याच स्वयंपाकघराचं छत पुसत बसला.

पोरगी निघाली त्या दिवशी तिची गाडी नऊची. हा सहा वाजताच कामावर गेला. कुणाला काही न सांगता. ठिपकी पिशवी खांद्याला लावून दारात उभी, आठ वाजेपर्यंत, सव्वाआठपर्यंत, साडेआठपर्यंत. तिची आई, म्हणजे माझी वहिनी, म्हणाली, "येतील गं, येतील." मी म्हटलं, "येतोय कसला डोंबल!" आणि लगेच जीभ चावली. पोरगी हसली, आम्हाला दोघींना मिठी मारली आणि गेली. संध्याकाळी हा घरी आला, हातपाय धुतले, जेवला.

त्यानंतर दर रविवारी तिला फोनवर दहा मिनिटं मिळायची. फोन वाजला की रंगारी बाथरूममध्ये. बारा रविवार हा माणूस बाथरूममध्ये! एवढं स्वच्छ कुणी असतं का? पोरगी विचारायची, "बाबा?" वहिनी म्हणायची, "आंघोळ करतायत." शेवटी शेवटी ती विचारेनाशी झाली. ते मला जास्त लागलं.

मी एकदा त्याला धरलाच. "का रे बोलत नाहीस तिच्याशी?" तर म्हणतो, "काय बोलू? त्या दिवशी बोललो नाही, आता कुठल्या तोंडानं बोलू?" म्हणजे घोडं इथं पेंड खात होतं! राग कधीच उतरला होता, हा लाजेनं वर अडकून बसला होता.

अशात तिच्या छावणीतून पत्र आलं. बारा आठवड्यांचं पहिलं प्रशिक्षण संपतंय. शनिवारी सकाळी दहा ते रविवारी संध्याकाळी पाच, रिक्रूटला घरच्यांबरोबर बाहेर राहता येईल, पण छावणीपासून पंधरा किलोमीटरच्या आतच. त्यानंतर पुढच्या प्रशिक्षणाला ती लांब जाणार, वर्षभर भेट नाही. आणि पुढे एक गंमत लिहिली होती. शनिवारी सगळे रिक्रूट मैदानात सावधान उभे असतील. घरच्या माणसानं येऊन खांद्यावर हात ठेवला की रिक्रूट सुटला. तोपर्यंत हलणार नाही, बोलणार नाही. साडेदहापर्यंत कुणी आलं नाही तर तो परत बराकीत, आणि दोन दिवस भांडी घासायला.

वहिनीनं पत्र मोठ्यानं वाचलं, मग मी वाचलं, मग वहिनीनं परत वाचलं. रंगारी भिंतीला टेकून ऐकत होता. "हात तू ठेव," तो बायकोला म्हणाला. "मी मागं उभा राहीन."

"येणार ना पण?" मी विचारलं.

"येणार," तो म्हणाला. बारा आठवड्यांत मी ऐकलेलं त्याचं सगळ्यात गोड वाक्य.

मग सुरू झाली आमची धांदल! तीन माणसांचं जाणं-येणं, दोन दिवस राहणं आणि पोरीला पोटभर खायला घालणं, हे सगळं आमच्या ऐपतीत बसवायचं होतं. छावणीच्या गावात चार लॉज. त्या शनिवारी सगळ्या रिक्रूटांचे घरचे येणार हे लॉजवाल्यांना आमच्याआधी कळलेलं. मी दवाखान्यातून फोन लावला. भाव ऐकून विचारलं, "दादा, खोली भाड्यानं देताय की विकताय?" त्यानं फोन आपटला. दुसऱ्याला वहिनीनं गोड बोलून बघितलं, तो म्हणाला गच्ची आहे. तिसऱ्या-चौथ्याकडे गच्चीही गेलेली. मी म्हटलं, तिथल्या दवाखान्याच्या आवारात झोपू, पेशंटचे नातेवाईक म्हणून कुणी हटकत नाही. वहिनी म्हणाली, "ताई, पेशंट कुठून आणायचा?" म्हटलं, "तुझा नवरा आहे की!"

अशी आमची थट्टा चाललेली, आणि रंगारी उठून चपला घालून बाहेर पडला. आम्हाला वाटलं, झालं, रुसला. तासाभरानं परत आला तो हसत. हा माणूस हसला की दात दिसत नाहीत, नुसते कान हलतात. त्याचे कान हलत होते.

झालं असं की तो त्याच्या नेहमीच्या रंगाच्या दुकानदाराकडे गेला होता. रंगाच्या दुकानदारांना एकमेकांची खडान्‌खडा माहिती असते. कुठल्या गावात कुणाचं घर निघालंय, कुणाचा रंगारी पळालाय, सगळं. दुकानदारानं छावणीच्या गावातल्या दुकानदाराला फोन केला, आणि तिथं एक बैठं घर निघालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोकळं. मालक म्हणजे एक शिक्षक नवरा-बायको, तान्हं बाळ घेऊन सोमवारी राहायला येणार, आणि त्यांचा रंगारी अर्ध्यावर काम टाकून गेलेला. आमच्या रंगाऱ्यानं फोनवरच सौदा केला. मजुरी निम्मी, पण शनिवार-रविवार घराची किल्ली आमच्याकडे. शिक्षक म्हणाला, "अहो, राहा की, पण काम पूर्ण पाहिजे."

"घर!" वहिनी ओरडली. "लॉज नाही, अख्खं घर! दाराला दार, चुलीला चूल!" ती कारखान्यात पिशव्या शिवते. दुसऱ्या दिवशी तिथं जाऊन तिनं तीन पाळ्या तीन बायकांशी बदलून घेतल्या आणि प्रत्येकीला ही गोष्ट सांगितली. चौथ्या बाईशी पाळी बदलायची नव्हती, तिलाही सांगितली.

रंगारी बुधवारी पुढं गेला, शिडी घेऊन. तिथं शिडी भाड्यानं मिळाली असती, पण परक्या शिडीवर त्याचा पाय ठरत नाही म्हणे. कंडक्टर म्हणाला, शिडीचं तिकीट काढा. हा म्हणाला, ती बसणार नाही, उभी राहील. कंडक्टर म्हणाला, उभ्यानंही तिकीट लागतं. शेवटी ती टपावर बांधली आणि प्रत्येक थांब्याला हा खाली उतरून तिच्याकडे बघून येई. माझा भाऊ बायकोला एवढं जपला असता तर! हे मी वहिनीला म्हटलं, तर ती म्हणाली, "ताई, मला टपावर बांधलंय कुठं कधी!" आणि आम्ही दोघी एवढ्या हसलो की शेजारणीनं खिडकी उघडली.

आम्ही दोघी शुक्रवारी दुपारच्या गाडीनं निघालो. बरोबर अंथरुणं, स्टोव्ह, दोन डझन अंडी, पाव, बटाटे, आणि ठिपकीची फुलांची गादीची खोळ, कारण तिला त्याशिवाय झोप येत नाही. अंडी मी मांडीवर घेऊन बसले. चार तास हललेसुद्धा नाही.

पोचलो तर घर काय झालं होतं! भिंती फिकट पिवळ्या, दुपारच्या उन्हासारख्या, आणि छताची ती रेघ. जमीन पुसलेली, कोपऱ्यात कागदाचा कपटा नाही. हत्यारं, पुट्टीचे पत्रे, खरवडणी, स्क्रू ड्रायव्हर, सगळं पेटीत भरून बाहेर ओट्यावर, वर पोतं झाकलेलं. "तिला घरी आल्यासारखं वाटलं पाहिजे, कामावर नव्हे," तो म्हणाला. आत राहिली होती ती फक्त शिडी, टर्पेंटाइनची बाटली आणि पांढऱ्या ऑइल पेंटचा एक डबा.

आणि हा वेडा काय करत होता माहितीये? पुढच्या दाराला रंगाचा तिसरा हात देत होता. दोनच ठरले होते. म्हटलं, "कशाला रे? मालकानं मागितलाय का?" तर मान खाली घालून म्हणतो, "ती याच दारानं येणार ना." दाराची मूठसुद्धा स्क्रू काढून उतरवून ठेवली होती, ब्रश नीट फिरावा म्हणून. मूठ बाहेर पेटीत, स्क्रूसकट.

संध्याकाळी मी स्टोव्ह पेटवत होते, तेव्हा आतल्या खोलीतून कुजबुज ऐकू आली. बघते तर रंगारी भिंतीसमोर उभा. "कशी आहेस?" भिंतीला विचारतोय. मग थोडं थांबून, "बरी आहेस ना?" मग मान हलवून, "नाही, नाही," आणि परत पहिल्यापासून. मला हसू आलं, ते पदरात दाबलं. मी हळूच मागं फिरले.

झोपायच्या वेळी परकं गाव म्हणून त्यानं दार लावलं आणि कडी घातली.

आता इथं तुम्ही म्हणाल, अठ्ठावीस वर्षांचा मुरलेला रंगारी, ओल्या दाराला कडी कसा घालेल? अहो, त्यामुळेच तर! अठ्ठावीस वर्षांत रंगवलेल्या घरात हा कधी झोपलाच नव्हता. दार रंगवायचं, खाली लाकडाचा तुकडा लावून उघडं ठेवायचं, आणि संध्याकाळी आपल्या घरी जायचं. दार उघडं ठेवायचं हे रंगाऱ्याला पक्कं माहीत. पण कडी घातली ती रंगाऱ्यानं नाही, घरात झोपणाऱ्या बापानं. दोघांची गाठच पडली नव्हती कधी.

शनिवारी सकाळी सगळ्यात आधी तोच उठला. करायला काही नाही आणि जीव स्वस्थ नाही, तेव्हा उरलेला पांढरा रंग घेऊन त्यानं बाथरूमच्या वरच्या झडपेची, म्हणजे हवेच्या छोट्या खिडकीची, चौकट मारून टाकली. काचा त्यानं आदल्याच दिवशी काढून ठेवल्या होत्या. मग आंघोळ, मग चांगला शर्ट, मग केस विंचरले, मग परत विंचरले. सव्वानऊला आम्ही तिघं तयार. छावणीचं मैदान चालत पंचवीस मिनिटं. वहिनीनं कडी काढली आणि दार ओढायला गेली, तर मूठच नाही. कडीला धरून ओढलं. दार हलेना. मी धरलं. आम्ही दोघींनी धरलं. कडी हातात आली.

रंगाऱ्यानं दाराला हात लावून बघितला आणि मटकन खाली बसला. "चिकटलं," तो म्हणाला. "चौकटीला चिकटलं."

"मग सोडव की!"

"खरवडणी बाहेर आहे."

"सुरी घे!"

सुरी घातली, सुरी मोडली. खिडक्यांना लोखंडी गज. मागचं दार मालकानं बाहेरून कुलूप लावून ठेवलेलं. मी खिडकीतून ओरडले, "कुणी आहे का?" मी आयुष्यभर खिडकीच्या आत बसून लोकांना थांबा, थांबा म्हणत आले, आणि लोक थांबले. त्या दिवशी रस्त्यावर एक कुत्रं होतं, तेही थांबलं नाही. नऊ पंचवीस. वहिनी रडकुंडीला आली. "माझी पोरगी भांडी घासणार," म्हणाली. "सगळ्यांचे आईबाप येणार आणि ती एकटी उभी राहणार. परत."

त्या 'परत'वर रंगाऱ्यानं तिच्याकडे बघितलं. मग वर बघितलं. मग उठून त्यानं शिडी उचलली आणि बाथरूममध्ये नेली.

वरच्या झडपेला गज नव्हते, पण होती ती दीड हात लांब, हातभर उंच. माझं तर सोडाच, वहिनीचाही एक खांदा आत राहिला असता. त्यातून जाईल असं आमच्यात एकच माणूस होतं. तो शिडीवर चढला, पाय बाहेर टाकले आणि अर्धा आत, अर्धा बाहेर असताना एकदम थांबला.

"मी एकटा?" तो म्हणाला.

"नाही, वरात येतेय मागून!" मी ओरडले. "पळ मेल्या! साडेनऊ झाले!"

"मी काय बोलू तिला?"

वहिनी खालून म्हणाली, अगदी हळू, "काहीही बोला. पण जा."

तो गेला. आधी शर्ट फाटल्याचा आवाज, मग धप्प. मी धावत पुढच्या खिडकीशी आले. रंगारी ओट्यावरून लंगडत येत होता, गुडघ्यावर पँट फाटलेली आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरेशुभ्र. सकाळी रंगवलेल्या चौकटीलाच लटकून उतरला होता ना! "दार उघडू का आधी?" म्हणतो. वहिनी किंचाळली, "खड्ड्यात गेलं ते दार!" मी फडक्यावर टर्पेंटाइन ओतून गजातून हात बाहेर काढला, "अरे, हात पूस, हात!" पण तो कोपऱ्यावरून वळलासुद्धा. त्याला पळताना मी चाळीस वर्षांनी बघितलं. अजून तसाच पळतो, गुडघे वर उचलून.

पुढचे दोन तास आम्ही दोघींनी कसे काढले ते आम्हालाच माहीत. वहिनी एका खिडकीशी, मी दुसऱ्या. दर दोन मिनिटांनी ती विचारायची, "पोचले असतील का?" मी म्हणायचे, "पोचला असेल." मग मी विचारायचे, "बोलला असेल का?" त्यावर ती स्टोव्हला पंप मारायची. मध्ये आम्ही सहा अंडी उकडली. मग आणखी सहा. साडेदहा वाजले. साडेअकराला दहा कमी असताना वहिनीनं माझा दंड एवढ्या जोरात धरला की चार दिवस निळा होता.

रस्त्यानं दोघं येत होती. एक गणवेशातली उंच पोर, पाठ ताठ, आणि शेजारी आमचा बावळा, दोन्ही हात अंगापासून लांब धरून. आणि तो बोलत होता. अहो, बोलत होता! इकडं मान, तिकडं मान, हातवारे, मध्येच थांबून उलटं चालत तिच्या तोंडाकडे बघून काहीतरी सांगत होता. पोरगी हसत होती. वहिनी गजांना कपाळ लावून म्हणाली, "बघा ना ताई, तोंड मिटत नाहीये त्यांचं," आणि रडायला लागली. मी रडले नाही. माझ्या डोळ्यांत टर्पेंटाइन गेलं होतं.

दार ठिपकीनं उघडलं. पेटीतून खरवडणी घेतली, चौकटीच्या फटीतून वरपासून खालपर्यंत एकदाच ओढली, खांदा लावला आणि करकर आवाज करत दार आत आलं. बाप मागून ओरडतोय, "हळू, हळू, तिसरा हात आहे!" आणि ती आमच्या दोघींच्या गळ्यात. काय दंड झालेत पोरीचे! मला उचललं तिनं, मला, चुलीसकट उचलल्यासारखं, आणि खोलीभर फिरवलं. मी ओरडतेय, वहिनी हसतेय, रंगारी म्हणतोय भिंत सांभाळा, भिंत ओली नाही पण सांभाळा.

त्या दोन दिवसांचं सगळं सांगत बसले तर इथंच मुक्काम करावा लागेल. तिनं अकरा अंडी खाल्ली. फुलांच्या खोळीवर दुपारी अशी झोपली की वहिनी तीनदा नाकाशी बोट धरून आली. रविवारी चौघांनी मिळून दाराची खरवडलेली कड परत रंगवली, आणि शेवटची रेघ तिनं ओढली. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मी उठणार नाही. ती मला तिनं शनिवारी जेवताना सांगितली. रंगारी तेव्हा बाहेर दार घासत बसला होता, म्हणजे ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

ती म्हणाली, "आत्या, फाटकावर गोंधळच झाला. एक माणूस दोन्ही हात वर करून पळत येतोय, हात पांढरे. पहारेकरी ओरडला, कोण? बाबा म्हणाले, रंगारी. तो म्हणाला, कुणाचे कोण? तर बाबा म्हणतात, ठिपकीचा बाप. तो बिचारा अर्धा तास यादीत ठिपकी शोधतोय."

मी हसता हसता ठसकले. वहिनी म्हणाली, "पुढं सांग."

"पुढं मी मैदानात. नजर समोर. आजूबाजूच्या सगळ्या सुटून गेल्या. कुणाची आई, कुणाचा भाऊ, सगळ्यांचा आरडाओरडा, आणि मी उभी. आम्ही तिघीच राहिलो, मग दोघी, मग मी. मला मान वळवता येत नव्हती. वाटलं, आलं नाही कुणी." तिनं आणखी एक अंडं सोललं. "मग बाबा समोर आले आणि हातभर अंतरावर थांबले. हात वर धरलेले. म्हणाले, दार चिकटलं. आई आणि आत्या आत आहेत, सुखरूप आहेत."

"हात नाही ठेवला?"

"नाही ना. नुसते उभे. मला बोलता येईना, हलता येईना. आणि मग ते बोलायला लागले. म्हणाले, तू गेलीस त्या दिवशी मी शिडीवर होतो. सकाळी सहापासून. पण डबा उघडलाच नव्हता. दिवसभर त्या भिंतीवर कोरडा ब्रश फिरवत होतो. गिऱ्हाईक म्हणालं, अहो रंगारी, रंग कुठाय? मला दिसतच नव्हतं. म्हणाले, मला वाटलं मी खाली उतरलो तर तुला जाऊ देणार नाही. म्हणून उतरलो नाही. एवढंच. बाथरूममध्ये मी आंघोळ करत नव्हतो, दाराला कान लावून ऐकत होतो."

बाहेर घासण्याचा आवाज थांबला होता. वहिनीच्या हातातला घास तसाच.

"साडेदहाला पाच मिनिटं होती. आम्हाला कवायत शिकवतात त्या उस्तादबाई आल्या. एवढ्या कडक आहेत, आत्या, शिट्टीशिवाय बोलत नाहीत. म्हणाल्या, काका, खांद्यावर हात ठेवा, वेळ संपतेय. बाबा म्हणाले, हात ओले आहेत बाई, ऑइल पेंट आहे, हिचा नवा गणवेश आहे, डाग जात नाही. उस्तादबाई म्हणाल्या, मग दुसरं काहीतरी ठेवा!"

"मग काय ठेवलं?" मी विचारलं.

"डोकं," ठिपकी म्हणाली. "दोन्ही हात मागं धरले आणि कपाळ टेकवलं माझ्या खांद्यावर."

वहिनीनं पदर डोळ्यांना लावला. "मग? सुटलीस ना?"

"सुटले. उस्तादबाईंनी यादीवर खूण केली, म्हणाल्या, जा. पण बाबा डोकंच उचलेनात. मग मी तशीच उभी राहिले, सावधान."

"किती वेळ गं?"

"मैदान झाडायला माणसं आली, तोपर्यंत."